बाटली तपकिरी का असते

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या भिंतीला लागून
माझी दहा बाय बाराची प्रयोगशाळा.
एक तराजू, एक पीएच मीटर, एक फ्रिज;
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वॉचमन मगदुमांचा ताकाचा तांब्या.

सी जीवनसत्त्व पंधरा टक्के, ई एक टक्का,
फेरुलिक आम्ल अर्धा, हट्टी, लवकर विरघळत नाही.
पीएच साडेतीनच्या खाली.
बाटली गळ्यापर्यंत भरायची, वर हवा उरू द्यायची नाही.
शेजारी दिवसभर लोखंड ओततात,
अंगणात टाकलेले ओतीव तुकडे एका रात्रीत तांबूस होतात.
मी रोज सकाळी ते बघत आत जाते.

पद्मलआक्का हुपरीला असते.
तीस वर्षं पैंजणांच्या घुंगरांना झाळ देते,
ज्योतीकडं तोंड करून.
दोन्ही गालांवर वांग उतरलंय,
काजळी पुसताना राहून गेलेल्या बोटांसारखं.
"एवढी शिकलीस, ह्येच्यावर काय न्हाई व्हय तुज्याकडं?"

दिली. तीस मिलीची.
सकाळी चार थेंब, वर सनस्क्रीन, कामाला बसताना रुमाल.
कसं चालतं हे? म्हणाली. मी म्हटलं,
वांगी चिरून पाण्यात टाकतेस ना, काळी पडू नयेत म्हणून?
"म्हंजे वांगावर वांग्याचा इलाज," आणि हसत सुटली,
हातातला चिमटा खाली ठेवावा लागला.
खरं तेही सांगितलं:
गोरी नाही होणार. फिकं होईल, थोडं, तीन-चार महिन्यांनी.
कदाचित नाहीही होणार.
"जाहिरातीतली बाई असं बोलत न्हाई."
मी जाहिरातीत नाही, आक्का.

(स्वतः जळून दुसऱ्याला वाचवणारा रेणू,
असं काहीतरी मी एकदा तिला सांगायला गेले.
"बायकांचं वर्णन नको करूस," म्हणाली,
"औषधाचं सांग.")

काल गेले तर खिडकीत
अत्तराची पारदर्शक कुपी, उन्हात,
आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
"तुज्या बाटलीत किती उरलं ते दिसत नव्हतं.
म्हणून ह्यात वतलं."
किती वेळा लावलंस?
दसऱ्याला. धाकट्याच्या साखरपुड्याला.
आणि किरणोत्सवाला, अंबाबाईच्या पायाशी ऊन येतं त्या दिवशी.
"म्हागाचं आसतंय. रोज कसं लावायचं?"

मी काही बोलले नाही.
तिच्या समोर काळ्या चांदीचा ढीग होता,
ऑक्सिडाइज माल, पुण्याच्या दुकानाची ऑर्डर.
"बघ की," ती म्हणाली, "चांदी काळी पायजे म्हनून पैसं देत्यात,
आणि त्वांड काळं नको म्हनून बी पैसंच."

मग उठली. कुपी उघडली,
जुन्या, ठेवणीतल्या, आपोआप काळवंडलेल्या एका तोरडीवर
ते पाणी ओतलं, पदराच्या टोकानं घासत राहिली.
उजळलं का?
मला वाटलं, थोडं. तिला वाटलं, बरंच.
पदर मात्र पिवळा झाला.

संध्याकाळी शेवटच्या एसटीत वहीत लिहिलं:
बॅच सतरा. रंग गडद. वास आंबूस.
बिघाडाचं कारण — इथं पेन थांबलं, गाडी पट्टणकोडोलीला थांबली,
दोन बाया चढल्या —
जपून ठेवलं.

फोन आला तेव्हा मी स्टँडवर उतरत होते.
"पुढच्या खेपेला मोठी बाटली आण," आक्का म्हणाली.
रोज लावणार आहेस?
"तोरडीची जोडी हाय गं. एकच घासून झालीया."