फक्कीची रेघ

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात
आटपाडीबाहेरच्या माळावर
रसूल मुलाणीनं आखला हा ट्रॅक.
डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली
आणि राजदूतच्या मागच्या सीटवर
उलटा बसून फक्की सांडत गेला.
गाडी मेव्हणा चालवत होता.
म्हणून सरळ रेघ कधी सरळ नव्हतीच.

वळणं पाच.
पहिलं बोरीचं. बोर नंतर तोडली, नाव उभं राहिलं.
दुसऱ्यावर मुरूम सुटा,
मागचं चाक तिथं कुणाला विचारत नसे.
तिसरं.
चौथं ओढ्यातून वर चढताना,
समोर नुसतं आभाळ,
रेस सोडली तर पोरं हसायची,
नाही सोडली तर हाडवैद्य.
पाचवं लांबलचक, कढईच्या काठासारखं,
आणि ते संपतं तिथं
खुर्ची टाकून मी.

मी फेऱ्या मोजायचो.
सहा गाड्या, पुढ्यात सहा वाट्या,
गाडी गेली की तिच्या वाटीत एक चिंचोका.
बारा झाले की निशाण.
पंचक्रोशीत माझ्या मोजणीला
तलाठ्याच्या सहीपेक्षा जास्त किंमत.

नव्वद साली शेवटाला
धुळीतून दोन गाड्या एकदम सुटल्या,
चांगदेव पुकळेची येझदी आणि जावीरांच्या भिकाजीची.
चिंचोका हातातून निसटला,
दोन वाट्यांच्या मध्ये पडला.
मी तो जवळच्या वाटीत ढकलला.
पितळी घागर भिकाजीनं नेली.
चांगदेव काही बोलला नाही,
वाट्यांकडं बघितलं फक्त.

पुढच्या वर्षी तिसऱ्या वळणावर
तो रेस न सोडता आला.

आता माळावर टेंभूचं पाणी आहे.
एवढं पाणी, की जमिनीला आपण माळ होतो हे आठवत नसावं.
डाळिंबं लागलीत.
ठिबकच्या नळ्या सरळ, मेव्हण्यापेक्षा सरळ.
पण चाकांनी दाबलेल्या पट्ट्यात झाडं खुजी राहतात,
खत घाला, चर खणा, काही करा.
पाण्याच्या टाकीवर चढलं की
हिरव्यात हिरवा, बुटका, ट्रॅक दिसतो.

रसूलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तरी वर चढतो, माझ्या खांद्याला धरून.
म्हणतो, सांग.
मी त्याच्या तळहातावर बोट फिरवत सांगतो,
बोर,
मुरूम,
मग मला खोकला येतो.
तो थांबतो.
दरवर्षी थांबतो.
मग स्वतःच माझं बोट उचलून
चौथ्यावर ठेवतो.