तरीचं दार

खारेपाटणच्या अलीकडे, चौपदरी रस्त्यासाठी
अर्धी कापलेली टेकडी संपते तिथे
कासमभाई सोलकरांचं आवार.
गज, कमोड, मंगलोरी कौलांच्या चळती,
आणि मागे फणसाच्या सावलीत
एकमेकांना टेकून उभी बावीस दारं,
पहिल्या पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखी.

मी बोटाच्या पेराने एकेकाला ठोकून पाहिलं.
वाळवी लागलेलं भद्द बोलतं.
सागवान विचारतं, कोण?

"ह्या न्हेव नकात," कासमभाई म्हणाले,
"ह्येका भोक आसा."
भोक म्हणजे खिडकी होती,
वीतभर, छातीच्या उंचीवर,
आतून सरकणारी फळी, खाली हात टेकायला पाट,
आणि पाटाच्या मधोमध
नाण्यांनी झिजवलेला खळगा.

कुठल्याशा खाडीवर तरीची तिकिटं द्यायचं दार.
खंयच्या खाडीवरचा, ता त्यांना म्हायत नाय.
पूल झाला, तर
तर बंद झाली. एवढंच.

आमचं घर तेव्हा कागदावरही धड नव्हतं.
सात गुंठे कातळ, दोन काजू.
अच्युत म्हणाला, आधी भिंती घालू.
मी म्हटलं, येतील भिंती चालत दारापर्यंत.

चौदा महिने ते उभं राहिलं
चौकटीसकट, चार चिऱ्यांच्या टेकूवर,
मागेपुढे नुसता वारा.
शेजारची लतिका दुधाची किटली घेऊन यायची
तेव्हा आजूबाजूचा सगळा मोकळा कातळ सोडून
दारातूनच आत यायची,
चपला बाहेर काढून.

मग तातू मेस्त्री आला, खरवडायला.
हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा,
त्याखाली चुना, आणि चुन्याखाली
कुणाच्या तरी सावकाश, वळणदार अक्षरात :

माणूस १५ पैसे
सायकल १० पैसे
शेळी १० पैसे
आंब्याची पेटी ५ पैसे
मयत व सोबतची चार माणसे माफ

तातूने रंधा खाली ठेवला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"आणि पाचव्यान काय पोवत येवचा?"

तेवढा भाग खरवडायचा राहिला तो राहिलाच.

दार चार बोटं कमी भरलं.
दाराला जोड लावायचा नाही, मी आधीच सांगितलं होतं,
म्हणून घर खाली घेतलं.
अच्युत वाकून ये-जा करतो.
विसरला की कपाळाला आठवण होते.

(बर्फाच्या कारखान्याचं दारही आणलं आम्ही,
हातभर जाड, आत बुचाचं अस्तर.
ते न्हाणीला लावलंय.
आत अच्युत गातो. बाहेर ऐकू येत नाही.
लतिकाने स्वतः येऊन समाधान व्यक्त केलं.)

आषाढात तिकिटाचं दार फुगतं,
चौकटीत बसत नाही, दोन बोटं उघडं राहतं.
तातू म्हणतो तासून देतो.
मी म्हणते, राहू दे, दिवाळीपर्यंत येतंच ते वळणावर.
रात्री खारा वारा त्या फटीतून
फुकट आत येतो.

दराच्या पाटीची बाजू स्वयंपाकघराकडे,
पलीकडे पडवी.
संध्याकाळी मी फळी सरकवते,
पाटावर चहाचा कप ठेवते.
खळग्यात तो जरासा कलतो, सांडत नाही.
पलीकडून चेहरा दिसत नाही, फक्त हात येतो.

बत्तीस वर्षं हा हात बघतेय मी,
पण असा, नुसता, कधी पाहिला नव्हता.
करंगळी वाकडी आहे.
मनगटावर भाजल्याचा डाग,
कधीचा, ते मला ठाऊक नाही,
विचारायचं राहून गेलंय.

भांडण झालेल्या दिवशीही फळी सरकते.
कप ठेवायचा, बोलायचं नाही, असं ठरवून
मी उभी असते आत.
हात येतो. कपाला लागत नाही.
थांबतो.

"किती झाले?"

"पंधरा पैसे.
सुटे असतील तर बघा."

आणि पलीकडे, पडवीत,
खिसे चाचपल्याचा आवाज.