निरंक

महिन्याच्या पाच तारखेला सांगलीला तक्ता जातो.
चौदा रकाने. तेरावा मला तोंडपाठ :
घरगुती हिंसाचार, प्राप्त अर्ज – निरंक.
हा शब्द इतक्यांदा टाइप केलाय
की बोटं न बघता तिथं जातात,
जीभ जाते पडलेल्या दाताच्या जागी, तशी.

मालन खराडे आली ती मार्चात.
सावळजच्या बेदाणा शेडवरून थेट, कामाच्या कपड्यात.
बोलताना सारखा उजवाच कान पुढं करायची.
मी समजले. विचारलं नाही.
विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

म्याडम कुठायत?
म्याडमकडं तीन तालुके. बुधवारी जत, शुक्रवारी कवठेमहांकाळ,
उरलेल्या दिवशी मीटिंग.
त्यांच्या तासगावच्या खुर्चीवर
अंगणवाडीचे नादुरुस्त वजनकाटे ठेवलेत.
'मंगळवारी या.'

तीन मंगळवार आली. हजेरी बुडवून,
एसटीच्या तिकिटाची घडी मुठीत धरून.
चौथ्या खेपेला कागद टेबलावर ठेवला,
मी शाईचा पॅड काढायच्या आत अंगठा उठवला.
द्राक्षाचा चिकटा होता हाताला, तोच उठला.
'नंबर द्या की बाई.'
नंबर म्याडमनी बघितल्यावर पडतो.
नंबर नाही तर अर्ज नाही.
अर्ज नाही तर मार तरी कुठला?

पाचवा मंगळवार कुणी आलं नाही.

जूनमध्ये ड्रॉवर ओढला तर मुंग्या.
शिस्तीत, एका रांगेनं, तिच्या अंगठ्यापर्यंत.
रेघ न् रेघ धुंडाळत होत्या.
आमच्या कार्यालयात तो अर्ज नीट बघितला
तो त्यांनीच.

रविवारी सावळजला जाऊन आले.
शेडला कुलूप. मुकादम म्हणाला, हंगाम संपला,
बायका पांगल्या, कोण कुठली ध्यानात राहतीय?
घर दाखवलं लांबूनच. दारात मोटरसायकल होती.
मी पुढं गेले नाही.
हेही लिहून ठेवते.

या पाच तारखेला तेराव्या रकान्यात
एक टाइप केला. बोटं अडखळली.
दुपारी फोन आला :
'तासगाव कायम निरंक असतं. टायपिंगची चूक दिसतीय.'
हो साहेब, चूकच. मार्चपासूनची.
'मग सुधारून पाठवा.'

पाठवते. पण थोडं थांबा,
एकसुद्धा बरोबर नसावा.
ड्रॉवर अजून तळापर्यंत उपसला नाही.