पत्ता क्रमांक तीन

झिंगाबाई टाकळीत मी कधीच राहिले नाही.
पण अहवालात आहे: पत्ता क्रमांक तीन,
त्याखाली माझ्या नावावर एक फ्रिज, दोन दारांचा,
अठरा हप्ते, त्यातले पाच थकलेले.

मे महिना. कूलरमध्ये शेवटची बादली ओतून
मी नावावर बसवायला राखणदार शोधत बसले.
एक फुकट आहे,
पण रोज सकाळी विचारणार, कर्ज हवंय का?
एक महिन्याला दोनशे घेतो,
चारही कंपन्यांची दप्तरं चाळतो म्हणे,
फोन मात्र उचलत नाही. मी लावून पाहिला,
अकरा मिनिटं सनई ऐकली.
"काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिली?"
डब्याचं झाकण लावत खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
"आधी तक्रार तर टाक. चोर गेल्यावर कुलूप कोणतं घेऊ
म्हणून काय विचारून राहिली!"

तक्रार टाकली.
मग घेतला तिसरा,
काही हललं की चोवीस तासांत कळवणारा,
तेही मराठीत.

तरी रात्री गच्चीवर
ती बाई डोक्यातून जात नाही
(बाईच असणार, माझं नाव तिला खपलं म्हणजे).
शेजारची पोरं बर्फ मागायला येत असतील.
देत असेल. नाही म्हणत नसेल.
टाकळीत कुणीतरी
माझ्या पतीवर गार पाणी पितंय.

पहाटे पहिला संदेश आला:
आपल्या नावावर नवीन काहीही नाही.

खरंय.
मी उठले, माठ भरला.