चार बोटं माती

आमच्याकडे रांजणाला चाक नसतं.
रांजण जागेवर बसतो,
कुंभारच त्याच्याभोवती फिरतो,
उलट पावलांनी, खांद्यावर मातीची वळी टाकून.
दिवसाला चार बोटं माती चढते.
पाचवं बोट चढवलंत तर रात्रीत पोट खाली बसतं.
हे बाबांनी मला शिकवलं नाही.
घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे ते,
मी ऐकायचे.

इमेरेतीच्या डोंगरात सतरा घरांचं गाव.
एक दुकान,
मालकाचा गुडघा दुखत नसेल त्या दिवशी उघडं.

आई कधी छपरीत शिरली नाही.
ती अक्रोड लसणाशी वाटायची,
त्यात मेथीची पूड, वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या
(झेंडू आम्ही दारात लावतो तो खायला),
आणि मातीच्या तव्यात चेस्टनटच्या पानावर
मक्याची भाकर, जाड, बोटांचे ठसे उमटलेली.
दुपारी अंगणातूनच हाक:
"अंब्रोसी, निवतंय!"
छपरीशी तिचा एवढाच व्यवहार.
तीस वर्षं.

त्या जूनमध्ये मातीच्या खाणीवरून
बाबा घसरले. खांद्याचं हाड.
छपरीत तीन रांजण छातीपर्यंत आलेले,
काठावर ओली फडकी, वर प्लॅस्टिक.
"दोन दिवस कळ काढतील," बाबा खाटेवरून म्हणाले,
"मग काठ वाळेल.
वाळल्या काठाला ओली माती धरत नाही."
आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या पहाटे चुलीतून धूर नव्हता.

आई छपरीत होती. बाह्या दुमडलेल्या.
मातीच्या ढिगात बोट खुपसून म्हणाली,
"पाणी जास्त झालंय,"
भाकरीच्या पिठाला म्हणते तशीच.
मग तिनं ती माती तिंबली,
तळव्याच्या टाचेनं, पुन्हा दुमडून, पुन्हा,
आणि वळी उचलून निघाली रांजणाभोवती.
सरळ पावलांनी.
उलटं चालतात हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "किती?"
आईनं चार बोटं दाखवली.
तिची चार म्हणजे त्यांची तीन.
रांजण नऊ दिवस उशिरा पुरे झाले.
तेवढे दिवस भाकरी मी भाजल्या,
एका बाजूनं काळ्या.
बाबा डाव्या हातानं राजमा खात,
काही बोलत नसत.

आठवडाभर भट्टी. रात्री शेजारचा बेसारिओन
लाकडं सारत जागा राहिला.
रांजण अजून कोमट असताना
मेण लावायला मी आत उतरले,
त्या तोंडातून घरात मीच तेवढी मावायचे.
आत अंधार, मधाचा वास,
आणि माझाच श्वास मोठा होऊन परत येणारा.
तळापासून वर हात नेत गेले.
इथवर बाबा.
मग एक कंगोरा, सुतळीएवढा.
पुढे आई.
बराच वेळ मी तिथेच बोट ठेवून उभी होते,
वरून कुणी विचारेपर्यंत, मेण पुरलं का म्हणून.

ओतिया ट्रक घेऊन आला.
बोटाच्या पेरांनी वाजवून दोन घेतले.
तिसऱ्याभोवती फिरला. "याला कंबर आलीय.
थोडे कमी करा."
बाबा तोंड उघडणार, तोवर आई म्हणाली,
"मग राहू दे."

तो आम्ही घरामागे पुरला, गळ्यापर्यंत.
कंबर जमिनीखाली गेली.

वसंतात झाकण काढलं.
बाबांनी पेला भरला, हुंगला, प्यायले.
आई बघत नव्हती. ती राजमा निवडत होती.
"जरा आंबट आहे," ते म्हणाले.
"भाजीत खपेल," ती म्हणाली,
मान वर न करता.
त्यांनी दुसरा पेला भरला.

आता छपरीत खिळ्याला दोन थापट्या असतात.
एकीच्या मुठीला फडकं गुंडाळलेलं,
कडेला जळकं,
तवा उतरवायचं.