तेरा दिवस मागं

आठ मार्चला कारखान्याच्या दारात टेबल मांडलेलं,
त्यावर चादर, आणि बादलीत गुलाब.
मालकांची सून एकेकीच्या हातात फूल देत होती.
शेजारच्या खिडकीत गुंडेटी चेकर
रोजच्यासारखा विड्या छाटत होता.
अम्माच्या हजारातल्या ऐंशी गेल्या,
गुलाब एक आला.

मला भाषणाला बोलावलेलं.
"आपल्याच विडी कामगाराची लेक, आता बँकेत!"
एवढं म्हणेपर्यंत वीज गेली, माईक मेला,
सूनबाई गाडीतल्या गारव्यात जाऊन बसल्या.
मी कागद घेऊन पटांगणात उतरले,
लिंबाखाली, बायांच्या मधोमध.
रांग लांबलेली, म्हणून सुपं मांडीवरच होती,
ओली पानं, कात्र्या,
दोरा गुंडाळता गुंडाळता पुटपुटणं : ओकटी, रेंडू, मूडू.

म्हटलं, तिकडं न्यूयॉर्कला कपडे शिवायचा कारखाना होता.
एकोणीसशे अकरा, मार्चच महिना. आग लागली
आणि एका दाराला कुलूप.
"कुलूप कशाला?"
माल चोरतील म्हणून. जाताना पिशव्या तपासायचे.
यल्लव्वा काही बोलली नाही,
डबा उघडून दाखवला फक्त,
जसा ती रोज गेटवर दाखवते.

त्याच्या आदल्या वर्षी कोपनहेगनला
सतरा देशांतल्या शंभरेक बाया जमल्या,
आपला एक दिवस असावा म्हणाल्या.
"शंभर बाया, आणि एकमत?"
हो. पण तारीख नाही ठरली.
"बघ! तरीच."
हसता हसता कुणाची तरी विडी सुटली.

तारीख रशियात पडली.
सूतगिरणीतल्या बाया,
पावाच्या रांगेत रात्र काढलेल्या.
सकाळी साचे सोडून रस्त्यावर आल्या,
शेजारच्या कारखान्यातले गडी येईनात
तेव्हा त्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले.
"बर्फाचे?" पोशव्वानं घाम पुसला.
सोलापुरात गोळा म्हणजे काडीवरचा,
लाल सरबतातला, पोरांनी चोखायचा.
आठ दिवसांत राजा गेला, मी म्हटलं.
पोशव्वा मिलच्या चिमणीकडं बघत राहिली.
तिचा बाप तिथं साचा चालवायचा,
भोंगा बंद झाला, त्यालाही आता किती वर्षं झाली.

आणखी एक गंमत सांगितली :
तिथं त्या दिवशी आठ मार्च नव्हता,
तेवीस फेब्रुवारी होती.
त्यांचं कॅलेंडर जगाच्या तेरा दिवस मागं.
"म्हणजे आमच्या पगारासारखंच की गे!"

अम्मा यातलं काही ऐकत नव्हती, असं मला वाटलं.
ती उठली, पदर खोचला,
रांगेत न लागता सरळ खिडकीशी गेली
आणि गुलाब छाटलेल्या विड्यांच्या ढिगावर ठेवला.
"हापण छाट. पान फाटलंय."

गुंडेटी वर बघेना.
मागं रांग थांबली. कुणी ढकललं नाही,
कुणी "चल गे, उशीर होतोय" म्हटलं नाही.
कात्र्यांचा आवाज कधी थांबला
मला कळलंच नाही.

त्यानं साठ परत दिल्या.
वीस ठेवून घेतल्या.

त्या वीस कसल्या, ते अम्मा रोज सकाळी
खिडकीत वाकून विचारते.
आजही विचारून आली.
आज एकवीस तारीख.