बिलातली शेवटची ओळ

गेथिन स्किप मागवत नाही.
नेरीसबाईंच्या दारात गाडी लागली
की आधी चार ताडपत्र्या अंथरतो
आणि म्हणतो, मारेद, निवडायला घे.
तांदूळ निवडायला सांगावं तसं.

पहिलीवर फरश्या.
अठ्ठेचाळीस निघाल्या, नऊ फुटल्या.
कंबरेनं उचलू नये, गुडघ्यांनी उचलावं,
हे तो रोज सांगतो
आणि रोज कंबर धरून बसतो.
फुटक्यांवर घण घातला.
तो खच नव्या पायवाटेच्या पोटात जाईल,
वरून चालणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

दुसरीवर लॉरेलचं कुंपण,
बारा फूट माजलेलं,
शेजाऱ्याचा उजेड खाऊन खाऊन.
फांद्या यंत्रात गेल्या की कडू बदामाचा वास सुटतो.
तो विषाचा असतो,
वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं.
चुऱ्याचा ढीग घालायचा आणि थांबायचं,
विष आपल्या पायांनी निघून जातं.
आपण घाई केली नाही तर.

तिसरीवर कुंड्या, गंजकी शिगं, फाटकाच्या बिजागऱ्या
आणि न्हाणीघरातून कधीतरी हद्दपार झालेला एक टब,
त्यात पुदिना.
पुदिन्याला हात लावाल तर खबरदार,
बाई खिडकीतून ओरडल्या.

चौथी ताडपत्री हिरवळीसाठी.

लांबून ती खरी वाटायची.
जवळूनही, क्षणभर.
मग भुरभुर थांबायची, ऊन पडायचं,
आणि कसलाच वास यायचा नाही.

कडेला चाकू घातला, सोलत नेली.
खाली वाळू. वाळूखाली कापड.
कापडाखाली माती, राखाडी, ठोसर,
बोलायचं विसरलेली.
ढेकूळ फोडून पाहिलं,
एक गांडूळ नाही.
मी म्हणाले, कोण असतात ही माणसं,
जित्या जमिनीला रेक्झिन घालणारी?

बाई मागेच उभ्या होत्या, ट्रे घेऊन.

एम्लिनची खुर्ची रुतायची, त्या म्हणाल्या,
खऱ्या गवतात.
ऑक्टोबर ते मे, नुसता खिडकीशी.
मग मुलानं हे आणून घातलं.
तीन वर्षं तो रोज कुंपणापर्यंत जायचा,
एकटा,
आणि परत यायचा.
साखर किती घालू तुला?

मी दोन म्हणाले. मी साखर घेत नाही.

तेव्हा कुठे दिसल्या मला त्या दोन रेघा,
दारापासून लॉरेलपर्यंत, शेजारी शेजारी.
प्लॅस्टिकची पाती तिथे निजली ती उठलीच नाहीत.
खरं गवत असतं
तर आठवड्यात विसरलं असतं.

गेथिननं वाळू झटकून गोण्या भरल्या,
फरश्यांखाली चालेल म्हणाला.
मग तीन ठिकाणी फोन केले.
एकानं उचललाच नाही.
एकाला गाडीभर हवी होती, कमी नको.
एक हसला.
आमच्या आवारात शेडमागे अशा अकरा वळकट्या आहेत,
कुणी घेईना म्हणून पडलेल्या.
त्यांच्यावर शेवाळ धरलंय,
तेवढंच काय ते हिरवं.
बारावी आम्ही दोघांनी खांद्यावर घेतली.
जड होती.
रेघा आतल्या बाजूला येतील अशी
त्यानं ती गुंडाळली होती.
मुद्दाम का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी गाडीत बसून त्यानं बिल सांगितलं,
मी लिहिलं.
फरश्या, एकोणचाळीस, जागेवरच.
नऊ, पायवाटेखाली.
लॉरेल, चुरा होऊन मार्चमध्ये परत.
टब आणि पुदिना, हात लावला नाही.
मग हिरवळ, एक वळकटी.
मी लिहिलं, विल्हेवाट.
तो काचेवरचं पाणी बघत राहिला.

खोड ते, म्हणाला.
सांभाळायला घेतली, असं लिही.
आणि पुढे?
पुढचा रकाना राहू दे.

वायपर दोनदा फिरला.
पायांशी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुदिना होता,
बाईंनी निघताना हातात कोंबलेला, मुळांसकट.
टबात लाव, म्हणाल्या होत्या,
नाहीतर सगळी बाग खाईल.